ड्रायव्हर कोणी द्यावयाचा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सांभाळ थांबविला आणि घरोघरचे, शाळांतले व कचेऱ्यांतले असंख्य संगणक, ज्यांच्या अंगी अजून काही वर्षे सहज काढण्याइतकी धमक होती, ते एकाएकी निवृत्तीच्या वयाचे ठरले. कंपनीने वर्षभराच्या सवलतीची तजवीज केली खरी. पण मुदतवाढ म्हणजे निकाल नव्हे, आणि म्हणून नवे यंत्र विकत घ्यावे, आहे त्याच यंत्रावर विंडोज ११ बसते का ते पाहावे, की लिनक्सचा रस्ता धरावा, याचा फैसला ज्याला त्याला केव्हा ना केव्हा करणे भागच होते. पहिला मार्ग खर्चाचा. उरलेल्या दोन मार्गांनी जे गेले, म्हणजे ज्यांनी नवी प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, आपला मजकूर दुसरीकडे जपून ठेवला आणि मग लॅपटॉपला फॉरमॅट मारला, त्यांच्यापैकी कित्येकांना असा अनुभव आला की सारे काही यथास्थित बसले, पडदा उजळला, घड्याळ चालू लागले, अक्षरे उमटू लागली, परंतु उजव्या कोपऱ्यात जिथे वायफायची खूण दिसावयाची तिथे पृथ्वीचा गोल आणि त्यावर नकाराची फुली, आणि वायफायची यादी उघडू जावे तर यादीच नाही.

हा बिघाड नव्हे. संगणकातला प्रत्येक भाग, मग तो आवाजाचा असो, चित्राचा असो वा जाळ्याशी जोडणी करणारा असो, प्रणालीशी व्यवहार करतो तो ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीच्या द्वारा. ती आज्ञावली नसेल तर भाग शाबूत असूनही प्रणालीच्या लेखी तो अनोळखी. विंडोजच्या प्रतीबरोबर असे ड्रायव्हर विपुल येतात हे कबूल केले पाहिजे, आणि विंडोज ९५ ने 'प्लग अँड प्ले'चा पुकारा केला तेव्हापासून या बाबतीत जी प्रगती झाली ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि ती प्रत ज्या दिवशी बांधली गेली त्या दिवसापर्यंतचेच हार्डवेअर तिला ठाऊक असते. त्यानंतर बाजारात आलेल्या चिपशी तिचा परिचय नसतो. अडीच गिगाबिट वेगाचे लॅनचे भाग, रिअलटेकचा आरटीएल ८१२५ आणि इंटेलचा आय २२५, मदरबोर्डांवर दिसू लागले तेव्हा विंडोज १० ची जुनी प्रत घेऊन बसलेल्या लोकांचा असाच विरस झाला: हजारो रुपयांचा नवाकोरा बोर्ड, आणि त्यावरचे लॅनचे छिद्र मुके. उलट, अगदी जुन्या यंत्रातला वायफायचा भाग पुष्कळदा नव्या प्रणालीच्या यादीतून गळालेला असतो. म्हणजे यंत्र फार नवे असले तरी पंचाईत आणि फार जुने असले तरी पंचाईत.

आता कोणी म्हणेल की ड्रायव्हर तर आवाजाचाही राहतो, ब्लूटूथचाही राहतो, बोटाचा ठसा ओळखणाऱ्या पट्टीचाही राहतो. मग नेटवर्कच्याच ड्रायव्हरची एवढी तक्रार कशासाठी? तक्रार यासाठी की बाकी सर्व ड्रायव्हर आणून देणारा हाच एक आहे. आवाज नसला तर प्रणाली जाळ्यावर जाते, अपडेटच्या भांडारातून नेमका तो ड्रायव्हर शोधते आणि आपण चहा पिऊन येईपर्यंत आवाज सुरू होतो. नेटवर्कच नसले तर ती जाणार कोठे? ड्रायव्हर आल्याशिवाय नेट नाही आणि नेट आल्याशिवाय ड्रायव्हर नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, या आपल्या म्हणीतला तरुण ज्या अवस्थेत असतो तीच या यंत्राची अवस्था.

या अवस्थेत भर घातली आहे ती प्रणाली बनविणाऱ्यांच्या हट्टाने. २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आले तेव्हा त्याच्या होम आवृत्तीने, आणि पुढच्या वर्षी प्रो आवृत्तीनेही, पहिल्याच वेळी यंत्र इंटरनेटशी जोडून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत यावे अशी शर्त घातली. ज्या यंत्रात नेटवर्कचा ड्रायव्हर उपजतच नाही त्याच्या मालकापुढे 'नेटवर्कशी जोडा' हा पडदा उभा राहतो, खालचे 'पुढे' हे बटण फिके पडलेले असते आणि मागे जावयाला वाट नसते. जाणकार मंडळी शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबून काळी खिडकी उघडीत, तीत ही सक्ती टाळण्याची एक आज्ञा लिहीत, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि 'माझ्याकडे इंटरनेट नाही' असे प्रामाणिकपणे सांगण्याची सोय उपलब्ध होई. २०२५ मध्ये कंपनीने चाचणीच्या आवृत्तीतून ती आज्ञाच काढून टाकली, आणि कारण दिले ते सुरक्षिततेचे व ग्राहकाच्या सोयीचे. ग्राहकाच्या सोयीचा एवढा कळवळा असलेल्यांनी, त्याच्या यंत्रात नेटवर्क चालू होईल याची हमी घेतल्याशिवाय नेटवर्कची सक्ती करू नये, ही अपेक्षा अवास्तव नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रात प्रवेश करण्यासाठी कोणा परक्या कंपनीच्या दप्तरी आधी रुजू व्हावे लागणे हेच मुळात खटकणारे आहे. पण तो वाद क्षणभर तहकूब ठेवला तरी, जी गोष्ट देता येत नाही तिची सक्ती करणे हा शुद्ध अन्याय आहे.

इलाज आहे, आणि तो बहुतेकांच्या खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने, मात्र जिच्यातून नुसती वीजच नव्हे तर मजकूरही जातो अशा वायरीने, संगणकाला जोडावा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन यूएसबी टेदरिंग सुरू करावे. संगणकाला फोन हेच एक नेटवर्क कार्ड वाटू लागते, कारण या प्रकारच्या जोडणीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही आधीपासून असतो. पुष्कळांना हे माहीत नसते की अशा वेळी फोन घरातल्या वायफायला जोडलेला असला तर तेच वायफाय वायरीतून संगणकाला मिळते, मोबाइलचा डेटा खर्ची पडत नाही. आयफोनच्या बाबतीत विंडोजवर अॅपलची स्वतःची आज्ञावली आधी बसवावी लागते, म्हणजे गाडे पुन्हा तिथेच. शेजाऱ्याचा अँड्रॉइड घटकाभर मागून आणणे हे त्यापेक्षा सोपे.

नेट आले तरी अपडेटला ड्रायव्हर सापडतोच असे नाही. तेव्हा स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तिथे 'अदर डिव्हाइसेस' या मथळ्याखाली 'नेटवर्क कंट्रोलर' अथवा 'इथरनेट कंट्रोलर' असे नुसते सामान्यनाम आणि त्याला चिकटलेला पिवळा त्रिकोण दिसतो. त्याची प्रॉपर्टीज उघडली की कोड २८ असा शेरा, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या 'डिटेल्स'च्या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडल्यास एक लांबलचक ओळ दिसते, जी पाहून भल्याभल्यांचा धीर सुटतो, पण तीत पाहावयाचे ते दोनच तुकडे: व्हीईएन या अक्षरांपुढचा चार अंकाक्षरांचा संकेत म्हणजे चिप बनविणाऱ्याची ओळख आणि डीईव्ही या अक्षरांपुढचा संकेत म्हणजे त्या विशिष्ट चिपची. ८०८६ दिसले तर इंटेल (१९७८ साली याच क्रमांकाच्या प्रोसेसरने त्या कंपनीचे भाग्य उजळले, त्याची आठवण तिने इथे जपलेली दिसते), १०ईसी दिसले तर रिअलटेक, १४ई४ दिसले तर ब्रॉडकॉम, १४सी३ दिसले तर मीडियाटेक. एवढे कळले म्हणजे निम्मे काम झाले. कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या दोन नगांत दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डे असणे हे नित्याचे आहे, आणि पाठीवरच्या मॉडेलच्या नावाने ड्रायव्हर उतरवून घेणारा माणूस तीन निरनिराळ्या फायली समोर पाहून गोंधळतो तो याच कारणाने.

फाइल घ्यावयाची ती लॅपटॉप वा मदरबोर्ड बनविणाऱ्याच्या किंवा चिप बनविणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर' असे आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींच्या मागे पुष्कळदा नको त्या आज्ञावली, आणि कधी कधी उघड चोर, दबा धरून बसलेले असतात. गरजू माणूस घाईत असतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. ज्याचे जुने विंडोज अजून चालू आहे त्याने तर फॉरमॅट मारण्यापूर्वीच 'पीएनपीयूटिल' या आज्ञेने बाहेरून बसविलेले सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवावेत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत या विषयाची चर्चा काढली तर तिथले कारागीर हसतील, कारण त्यांच्या खिशात नेटवर्कच्या ड्रायव्हरांचे गाठोडे घातलेला पेन ड्राइव्ह कायम असतो. विंडोज मारून झाले की तो लावायचा, ड्रायव्हर टाकायचा आणि गिऱ्हाइकाला यंत्र चालू करून दाखवायचे. पण हा मामला लॅमिंग्टन रोडवाल्यांचा नाही. ज्या तालुक्याच्या गावी असा कारागीर एकच आहे आणि तो लग्नसराईत सीसीटीव्ही लावण्यात गुंतलेला आहे तिथल्या शिक्षिकेचा आहे. ऑनलाइन अर्जाची मुदत आज रात्री संपत असताना विंडोज नव्याने टाकलेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याचा आहे. डॉस किंवा फ्रीडॉस टाकून स्वस्तात विकलेले लॅपटॉप आपल्याकडे गेली कित्येक वर्षे खपत आले, आणि त्यांवर विंडोज टाकून घेण्याचे काम गिऱ्हाइकाच्या माथी आले. पूर्वी मदरबोर्डच्या खोक्यात ड्रायव्हरची सीडी तरी असे. पुढे यंत्रांतून सीडीचा कप्पा गेला, मग पातळपणाच्या हव्यासापायी लॅपटॉपवरून लॅनचे छिद्रही गेले, आणि सीडीची जागा मात्र कशानेच भरून काढली नाही. संकेतस्थळावर सर्व काही आहे, असे खोक्यावर छापलेले असते. संकेतस्थळापर्यंत जावयाचे कसे, याचा विचार छापणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही.

ड्रायव्हरच्या या कोंडीतून संगणकाच्या इतिहासातली एक फार मोठी चळवळ, मुक्त सॉफ्टवेअरची, जन्मली, हे इथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की काम खोळंबलेल्या माणसांना तशी सूचना जावी, अशी सोय तिथलेच प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरमध्ये स्वतः केली होती, पण या नव्या प्रिंटरची आज्ञावली मूळ रूपात मिळेना, आणि ती ज्याच्यापाशी होती त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाने, आपण गुप्ततेचे वचन दिले आहे असे सांगून, ती देण्यास साफ नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीचा आरंभ असलेल्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तिच्यामागे हा नकार होता, असे ते स्वतः सांगत आले आहेत.

लिनक्सच्या गोटात वायफायचा प्रश्न दीर्घकाळ असाच चिघळत राहिला. ब्रॉडकॉमच्या चिप लाखो लॅपटॉपांत होत्या आणि त्यांची माहिती कंपनी देत नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने चिपचे काम कसे चालते ते खोदून काढून तिचे टिपण तयार केले, दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणावरून, म्हणजे कायद्याच्या कचाट्यात न सापडता, ड्रायव्हर लिहिला, आणि २००६ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. एवढ्या खटाटोपानंतरही चिपच्या पोटात घालावयाचे फर्मवेअर कंपनीच्याच मालकीचे राहिले, ते वाटण्याची परवानगी नव्हती, आणि म्हणून ते बसवून देणारे पॅकेज आधी इंटरनेटवर जाऊन ते उतरवून घेई; ज्या वायफायसाठी हा सारा प्रपंच, ते चालू नसतानाच. कंपनीने आपल्या काही नव्या चिपांचा मुक्त ड्रायव्हर २०१० मध्ये स्वतःहून दिला, तो द्यावयाचाच होता तर आधी का दिला नाही याचा खुलासा ग्राहकाला कधीच मिळाला नाही.

डेबियन या लिनक्सच्याच एका अवताराची गोष्ट याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक बोधक. ज्याची मूळ आज्ञावली खुली नाही ते आपल्या अधिकृत प्रतीत घालावयाचे नाही, या तत्त्वापायी त्या मंडळींनी वायफायचे फर्मवेअर वर्षानुवर्षे बाहेर ठेवले. तत्त्व थोर होते आणि त्यातली निष्ठा निर्विवाद होती. परंतु त्याची तोशीस फर्मवेअर लपविणाऱ्या कंपनीला कधी लागली नाही, लागली ती डेबियन बसवू पाहणाऱ्या नवशिक्याला. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी आपसांत रीतसर मतदान घेतले, सनदेत दुरुस्ती केली, आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ च्या प्रतीत हे फर्मवेअर समाविष्ट झाले. बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवकांच्या संस्थेने आपल्या जिव्हाळ्याच्या तत्त्वाला मुरड घालून ग्राहकाची जी कड घेतली, ती घेण्यास गर्भश्रीमंत कंपन्यांना कोणती हरकत आहे?

हरकत कोणतीच नाही. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, हे खरे दुखणे आहे. चिपवाला म्हणतो, मी माझा ड्रायव्हर लॅपटॉपवाल्याला दिला, आता तो आणि त्याचे गिऱ्हाईक पाहून घेतील. लॅपटॉपवाला म्हणतो, मी विकला त्या दिवशी यंत्र चालत होते, तुम्ही ते पुसून टाकले त्याला मी काय करू. प्रणालीवाला म्हणतो, जगातल्या सगळ्या चिप मी कोठवर बाळगू. प्रत्येकाच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि त्या तीन अर्ध्या सत्यांच्या मधोमध गिऱ्हाईक उभे आहे. त्यातून ही भांडारेही चिरस्थायी नाहीत: इंटेलसारख्या मातबर कंपनीने २०१९ मध्ये आपल्या जुन्या उत्पादनांचे कित्येक ड्रायव्हर आणि बायोस आपल्या संकेतस्थळावरून काढून घेतले, आणि ते मग उत्साही लोकांनी केलेल्या साठ्यांतून हुडकावे लागले. काही मेगाबाइटांची एक फाइल जागेवर ठेवण्याचा खर्च तो कितीसा, आणि ती नसल्यामुळे भंगारात जाणाऱ्या चालत्या यंत्राची किंमत किती, हा हिशेब कंपनीच्या खतावणीत येत नाही, कारण दुसरी रक्कम भरतो तो ग्राहक.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या नावाचे पोर्टलही सुरू केले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना त्याच्या दुरुस्तीक्षमतेचे गुण दाखवावे लागतात. परंतु दुरुस्तीचा अधिकार म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पेचकस, बॅटरी आणि सुटे भाग येतात. ड्रायव्हर हाही सुटाच भाग आहे. तो नसेल तर शंभर टक्के शाबूत वायफाय कार्ड हे टाकाऊ कार्डच. आपल्याकडे दुरुस्तीक्षमतेचे गुणांकन ज्या वेळी लॅपटॉपला लागू होईल त्या वेळी ड्रायव्हर किती वर्षे उपलब्ध राहतील आणि ते इंटरनेटशिवाय बसविता येतात की नाही, या दोन गोष्टींना त्यात स्वतंत्र गुण असले पाहिजेत. मायक्रोसॉफ्टने नेटवर्कचा ड्रायव्हर न सापडल्यास तरी स्थानिक खात्याची वाट आपोआप खुली करावी. तेवढ्याने तिच्या व्यापारावर फारसा परिणाम होणार नाही.

कायदा यावयाला वेळ लागेल. खरेदीची निविदा मात्र उद्यासुद्धा बदलता येते, आणि मोठी गिऱ्हाइके जे मागतात तेच पुढे सर्वांना मिळू लागते. शाळा, महाविद्यालये, जिल्हा परिषदा आणि सरकारी कचेऱ्या एका झटक्यात शेकड्यांनी संगणक घेतात. त्यांच्या निविदांत प्रोसेसर, रॅम आणि पडद्याचे इंच यांचा काटेकोर तपशील असतो, पण यंत्र पाच वर्षांनी पुसून पुन्हा उभे करावयाचे झाल्यास ड्रायव्हर कोठून यावयाचा, याची तरतूद माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही निविदेत नव्हती. खरेदी अधिकाऱ्यांना विनंती एवढीच की पुढच्या निविदेच्या शर्तींत एक कलम वाढवावे: विक्रेत्याने प्रत्येक यंत्राच्या लॅन व वायफायच्या चिपचा संकेत यंत्राच्या पाठीवर छापावा, त्यांचे ड्रायव्हर यंत्रांसोबत पेन ड्राइव्हवर द्यावेत, विक्रीनंतर दहा वर्षे ते विनामूल्य उपलब्ध ठेवावेत, आणि त्यांतले एक यंत्र इंटरनेटशिवाय, आमच्या समोर, पुसून पुन्हा चालू करून दाखविल्याखेरीज बिलाची रक्कम अदा होणार नाही.